दुसरीच्या माहेरपणात

माझ्या नवऱ्याला एक फार वाईट खोड आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही मागितलं की तो आधी ‘हो’ लिहून मोकळा होतो आणि मग, आठवलंच तर, मला सांगतो. एकदा त्यानं असंच माझ्या नावावर अख्ख्या वर्गाचे साबुदाणा वडे लावून घेतले होते. तेवढं मी निभावलं. या खेपेला मात्र त्यानं वड्यांऐवजी मलाच देऊन टाकलं, तेही थेट तिबेटी पठारावर.

गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची. आम्ही सिंगापुरात, टॅम्पिनीसला राहायचो, मी एका बँकेच्या बॅक ऑफिसात होते आणि आमची लेक ज्युनियर कॉलेजात. जूनच्या सुट्टीत तिच्या कॉलेजची काही मुलं ‘सर्व्हिस लर्निंग’ला जाणार होती. म्हणजे याक राखत फिरणाऱ्या तिबेटी लोकांच्या तंबूंशेजारी मुक्काम ठोकायचा, त्यांना कामात मदत करायची आणि त्यातून आपण काहीतरी शिकायचं. लेक त्या गटाची लीडर. बरोबर जाणाऱ्या मॅडमचं ऐनवेळी ऑपरेशन निघालं. गटात मुली होत्या, त्यामुळे एक बाईमाणूस हवंच, नाहीतर सगळंच रद्द. ग्रुपवर विचारणा झाली आणि आमच्या ह्यांनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ‘माय वाइफ कॅन गो’ असं ठोकून दिलं.

“अगं, हवा किती शुद्ध असते तिकडे,” तो संध्याकाळी म्हणाला.

“विरळ असते,” मी म्हटलं. “तू जा ना मग. घे शुद्ध हवा.”

“बाईच हवीय असं लिहिलंय,” असं म्हणून तो शांतपणे आमटी वाढून घेऊ लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण एक खरं सांगते. लेक कॉलेज संपलं की शिकायला इंग्लंडला जाणार, हे घरात जवळजवळ ठरलं होतं, आणि त्या वर्षी ती माझ्याशी बोलायची ती बहुतेक बंद दाराच्या आडून. तिच्याबरोबर सलग काही दिवस राहायला मिळतील, या एका लोभापायी मी रजा टाकली. तिला सांगितलं तेव्हा तिनं कानातले इअरफोन काढले, हीच केवढी मेहेरबानी.

“यू कॅन कम,” ती म्हणाली. “पण आई, प्लीज हं, तिकडे तू माझी आई नाहीस.”

“मग कोण आहे मी?”

“ॲकम्पनिंग ॲडल्ट.”

मग सुरू झाली तयारी. गटाचे प्रमुख होते व्यायामाचे एक सर. चिनी, पन्नाशी उलटलेले, अंगानं सडसडीत आणि स्वभावानं इतके काटेकोर की त्यांच्यासमोर शिंक आली तरी आधी परवानगी मागावीशी वाटावी. त्यांनी फर्मान काढलं की उंचीवर दम लागू नये म्हणून सगळ्यांनी रोज पाठीवर वजन घेऊन चढायचा सराव करायचा. आता सिंगापुरात चढणार कशावर? इथे ज्याला टेकडी म्हणतात त्याच्यावर आमच्या साताऱ्याकडची म्हातारी माणसं जेवणानंतर शतपावलीला जातील. तेव्हा बिल्डिंगचे जिने. मी बॅगेत बासमतीची पिशवी आणि तूरडाळीचे पुडे भरून आमच्या ब्लॉकच्या तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायची आणि उतरायची. मधल्या एका मजल्यावरची चिनी आंटी झाडांना पाणी घालत उभी असायची. “लिफ्ट स्पॉइल आ?” म्हणजे लिफ्ट बिघडली का, असं ती सिंगापुरी इंग्रजीत विचारायची. मी मान हलवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “लिफ्ट स्पॉइल आ?” शेवटी शेवटी मी ‘येस आंटी, स्पॉइल’ म्हणायला लागले, कारण खरं कारण सांगण्याइतका श्वासच उरलेला नसायचा.

मुलं इकडे तक्ते बनवत होती. हात कसे धुवावेत याचे, रंगीत, प्लास्टिकमध्ये मढवलेले. लेकीनं तर त्यावर एक छोटं नाटक लिहिलं होतं. तंबूंवरून परतताना वाटेत तालुक्याचं गाव लागायचं, तिथल्या शाळेत शेवटच्या दिवशी ते करायचं होतं. तिचा सगळा जीव त्या नाटकात होता. आमच्या दिवाणखान्यात रोज कुणी ना कुणी जंतू बनून लोळत असायचं.

प्रवासाचं काय सांगू. विमान, मग दुसरं विमान, मग व्हॅन. मी चिवडा आणि बाकरवडीची पाकिटं घट्ट बंद करून नेली होती. जसजसं वर चढत गेलो तसतशी ती फुगत गेली, आणि घाटमाथ्यावर त्यातलं एक फाटकन फुटलं. सरांना वाटलं टायर गेला. गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं, चारही चाकं तपासली, आणि मग माझ्या मांडीवरचा चिवडा त्यांच्या दृष्टीस पडला. लेकीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. रस्ता संपल्यावर सामान याकांच्या पाठीवर चढलं आणि आम्ही अर्धा दिवस पायी. तूरडाळीनं केलेली सगळी कसरत तिथे फुकट गेली. दहा पावलं टाकली की मी भात्यासारखी फुसफुसायची.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांचा याकाच्या केसांचा मोठा काळा तंबू होता, आमचे रंगीत तंबू त्याच्या शेजारी. घरधनी जनावरं घेऊन वरच्या कुरणात असायचा, तो क्वचितच दिसला. सगळा कारभार यजमानीणबाईंच्या हातात. माझ्याच वयाच्या असाव्यात, पण उन्हा-वाऱ्यानं चेहऱ्याची कातडी जाड झालेली. हसल्या की डोळे पार मिटायचे. त्यांच्याबरोबर लाल गालांची एक पंचविशीची तरुणी सतत राबताना दिसायची. मला वाटलं, सून असेल. आमच्याबरोबर दुभाषी म्हणून तालुक्याच्या गावातली एक तिबेटी शिक्षिका होती. तिचं इंग्रजी चांगलं होतं, पण ती सारखी कुणा ना कुणाच्या तावडीत सापडलेली असायची, त्यामुळे पहिले काही दिवस मला काही विचारताच आलं नाही.

आणि मग आमची सेवा सुरू झाली.

दिवाळीत काही पाहुणे येतात बघा, स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहतात आणि दर पाच मिनिटांनी ‘मी काही मदत करू का’ म्हणतात. आत येत नाहीत, बाहेर जात नाहीत, आणि आपण कढई घेऊन वळलो की नेमके आडवे. आम्ही डझनभर माणसं म्हणजे तसले पाहुणे होतो. मुलं धार काढायला बसली, याकीणीनं लाथ झाडली, सकाळचं अर्धं दूध गवतात. मुलं शेण गोळा करायला गेली, ते रबरी हातमोजे घालून, आणि हातमोजे धुवायला पुन्हा पाणी. पाणी कुठे, तर खाली ओढ्यावर. आणणार कोण, तर ती लाल गालांची पोर, पाठीवर भलाथोरला कॅन बांधून. आमच्या मुलांनी तिला समोर बसवून हात धुण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. बोटांच्या फटी, नखं, मनगटं, सगळं अगदी तक्त्याप्रमाणे. कॅन रिकामा झाला. ती उठली आणि दुसरा भरायला गेली. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळाला हात लावला.

माझीही गत काही बरी नव्हती. आमच्या घरचं वळण असं, की पानात काही टाकायचं नाही. तिथे मीठ घातलेला दुधाचा चहा, वर लोण्याचा तवंग. मी नाक न मुरडता वाटी संपवायची, की यजमानीणबाई लगेच भरायच्या. मी पुन्हा संपवायची. त्यांना वाटत होतं या बाईला चहा फारच आवडतो, आणि मला वाटत होतं संपवल्याशिवाय सुटका नाही. नको असेल तर वाटी भरलेलीच ठेवायची असते, हे मला दुभाषीनं सांगितलं तोवर माझ्या पोटाचा नगारा झाला होता. त्यात रोज जेवणाआधी गोल करून बसायचं आणि ‘आज तुम्हाला काय वाटलं’ ते सांगायचं. “मला वाटलं आंघोळ करावी,” असं मी एकदा म्हणाले. लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा मी तोंड उघडलं नाही.

एक दिवस दुपारी मी यजमानीणबाईंच्या तंबूत कणीक मळत बसले होते. एवढं एक काम त्यांनी मला करू दिलं होतं. ती तरुणी पाणी घेऊन आली. बाईंनी तिच्या पाठीवरचा कॅन उतरवला, तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि मागे बसून तिचे केस मोकळे केले. तिथल्या बायका केसांच्या बारीक बारीक वेण्या घालतात, पुष्कळ. एकटीला जमण्यासारखं ते काम नव्हे, दुसरीनं मागे बसून घालाव्या लागतात, आणि त्यात सबंध दिवस जातो. बाई बोटाला लोणी लावून एकेक बट वळू लागल्या. पोरीनं डोळे मिटले. आई-लेक म्हणून वेगळं सांगायची गरजच नव्हती. इतक्यात आमच्यातली दोन मुलं दारात. “एक्सक्यूज मी आंटी, हॉट वॉटर?” पोर उठली. अर्धे केस वेणीत, अर्धे पाठीवर, तशीच चुलीकडे गेली. बाई तशाच लोणी लागलेला हात हवेत धरून बसून राहिल्या.

मी बाहेर जाऊन दुभाषीला पकडलं. “ही कोण?”

“त्यांची मुलगी,” ती म्हणाली. “पलीकडच्या खोऱ्यात दिलीय. लग्नानंतर आत्ता पहिल्यांदाच राहायला आलीय.”

पहिलं माहेरपण. आमच्याकडे पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीला कुणी इकडची काडी तिकडे करू देत नाही. तिनं उशिरा उठायचं, आयतं जेवायचं, आईजवळ लोळायचं. आणि इथे ही पोर आमच्या हातमोज्यांचं पाणी वाहतेय, आणि तिची आई चार दिवस झाले, एक वेणी पुरी करू शकत नाहीये. आम्ही सेवेला आलो होतो म्हणे. आम्ही एकीचं माहेरपण खाऊन टाकत होतो. मला इतका संताप आला की चढावर धाप लागते हेही विसरून मी तडक सरांकडे गेले.

मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. पण कुणाच्या घरी किती राहावं याला काही मर्यादा असते, आणि तालुक्याच्या गावात बसून हीच मुलं हेच तक्ते लावू शकतात, असं बरंच. सर ऐकत राहिले. माहेरपण म्हणजे काय हे इंग्रजीत सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. ‘मॅटर्नल होम’ म्हटलं तर त्यांना प्रसूतिगृह वाटलं. लेक मध्ये पडली.

“आई, इट्स ऑल प्लॅन्ड. असं मधेच नाही बदलता येत.”

“तुझ्या प्लॅनसाठी ती पोर मरतेय तिकडे पाणी वाहून.”

“तू नेहमी असंच करतेस,” ती म्हणाली आणि निघून गेली. सर मात्र विचार करून म्हणाले, की यजमानांवर भार पडत असेल तर तो आपल्या गटाचा दोष आहे, आपण उद्याच हलू. ते लगोलग टेकडीवर रेंज शोधत गेले आणि व्हॅनला फोन करून आले. शाळेलाही कळवलं, गावातल्या मुक्कामाचीही सोय केली. मी जिंकले होते. फार बरं वाटलं.

त्याच समाधानात मी दुभाषीला घेऊन यजमानीणबाईंकडे गेले आणि सांगितलं, की आम्ही उद्या जातोय, आता तुम्ही दोघी निवांत बसा. दुभाषीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंचा हात थांबला. चुलीपाशी मुलगी होती, तिनं मान वर केली नाही. बाई हळूहळू काहीतरी बोलल्या, आणि दुभाषी माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

“तिच्या सासरचे तिला पाठवत नव्हते,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात धारांचं काम किती असतं. यांनी निरोप धाडला, परदेशचे पाहुणे येताहेत, माझे एकटीचे हात पुरणार नाहीत, पोरीला धाडा. म्हणून पाठवलं. पाहुणे आहेत तोवर तिनं राहायचं. तुम्ही निघालात की त्याच दिवशी तिचा दीर येऊन तिला घेऊन जाणार.”

मला हे न समजावं? माझी स्वतःची आई उन्हाळ्यात माहेरी जायची ती पापड-कुरडयांच्या नावाखाली. वाळवणाला हात कमी पडतात, असा निरोप आजीकडून आल्याशिवाय तिला कुणी सोडायचं नाही. कामाचं निमित्त असलं तरच सुटका, हे मी लहानपणापासून बघितलेलं. आणि बघितलेलं असूनही मी इथे येऊन शहाणपणा करून त्या बाईचं निमित्तच उचलून बाहेर फेकलं.

पुन्हा सरांकडे. सगळं सांगितलं. त्यांनी समजून घेतलं, अगदी मनापासून, आणि मग म्हणाले की व्हॅन निघालीय, शाळेला कळवलंय, आणि एका घराच्या खासगी बाबीवरून गटाचा कार्यक्रम दिवसातून दोनदा बदलता येणार नाही. “मघाशी तुम्हीच आग्रह धरलात,” ते म्हणाले. खरंच होतं ते. सज्जन माणसाशी भांडणं हा एक वेगळाच ताप असतो. त्यांच्या डोक्यात नियमांची जी काही वही होती, तिच्यात माहेरपणाला जागा नव्हती. मग कशाला होती? एकाच गोष्टीला, ती म्हणजे दुखापत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सामान बांधून होत आलं असताना, मी ओढ्याच्या उतारावर पाय घसरून पडले. म्हणजे बसले. नीट जागा बघून, गवत दाट होतं तिथे बसले आणि ओरडले. आयुष्यात मी कधी नाटकात काम केलेलं नाही, शाळेतही मी पडदा ओढणारीच होते. पण त्या दिवशी बरं ओरडले असावे, कारण सगळे धावत आले.

सर्वांत आधी पोचल्या यजमानीणबाई. त्यांनी माझा बूट काढला, मोजा काढला आणि घोटा दोन्ही हातांत धरून दाबला. जनावरांचे पाय रोज बघणारे हात ते. एकदा इकडे दाबलं, एकदा तिकडे. मग माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांनी कमरेची लोकरीची पट्टी सोडली आणि माझ्या धडधाकट घोट्याला गुंडाळायला सुरुवात केली, वेढ्यावर वेढे, पार पोटरीपर्यंत. गुंडाळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडानं त्या माझ्यासाठी हळहळल्यासारखं काहीतरी पुटपुटत होत्या.

सर प्रथमोपचाराची पेटी घेऊन आले. “कॅन यू राइड?” त्यांनी विचारलं. घोड्यावर बसवून नेता येईल, असा त्यांचा विचार. घोड्याचा मी विचारच केला नव्हता. तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला.

“नो, सर. इंज्युर्ड माणसाला घोड्यावर बसवायचं नाही, आपल्या सेफ्टी ब्रीफिंगमध्येच आहे. आणि मोटरसायकल इन्शुरन्समध्ये नाही.” ती पुढे येऊन माझ्याशेजारी बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. “तिचा हा घोटा आधीपासूनच वीक आहे, सर. घरीपण असंच झालेलं. चार-पाच दिवस तरी लागतात. फ्लाइटच्या आधी डायरेक्ट निघावं लागेल.”

माझा घोटा आयुष्यात कधी दुखलेला नव्हता. सर म्हणाले, “मग शाळेतलं तुमचं नाटक राहील.”

“हो, सर,” ती म्हणाली. “राहील.”

तिला दुभाषीनं सांगितलं होतं, की ती तंबूबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही. व्हॅन परत गेली.

पुढचे दिवस माझ्यासाठी शिक्षा होती, हे मी लपवणार नाही. दिवसभर पाय उशीवर ठेवून पडायचं. सकाळ-दुपार सर येऊन थंडगार ओढ्याच्या पाण्याची पट्टी लावायचे. पाय बरा होता तो त्यानं खरोखर दुखायला लागला. सर्वांत मोठी पंचाईत म्हणजे ‘जाऊन येण्याची’. टेकाडापलीकडे जायचं, ते दोन मुलींच्या खांद्यांवर हात टाकून, लंगडत, सगळ्या गटाच्या सहानुभूतीच्या नजरेसमोरून. त्यात चहा. वाटी भरलेली ठेवायची हे कळलं होतं, पण आजारी बाईला कोण तसं ठेवू देतंय. यजमानीणबाई वाटी माझ्या तोंडाला लावायच्या.

पण मी त्यांच्या तंबूत होते. आजारी पाहुणीकडे घरच्या बायकांनी बघायला हवं, बाकीच्यांनी तिथे गर्दी करू नये, असा लीडरचा हुकूम होता. पाणी आता मुलंच आळीपाळीनं आणत होती, तोही तिचाच हुकूम. तेव्हा त्या दोघी माझी शुश्रूषा करत, म्हणजे माझ्याकडे साफ दुर्लक्ष करत, दिवसभर बसलेल्या असायच्या. आई वेण्या घालायची, लेक बोलायची. काय बोलत होत्या ते एक अक्षर मला कळत नव्हतं, पण कुणाची तरी चहाडी चालली होती एवढं नक्की. बहुधा सासूची. मधेच दोघी हसत सुटायच्या आणि मग दचकून माझ्या पायाकडे बघायच्या. एका दुपारी पोर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, तोंड उघडं टाकून. बाई तिच्या तोंडावरच्या माशा वारत बसल्या.

निघायच्या दिवशी तिचा दीर मोटरसायकल घेऊन आला. पोरीच्या सगळ्या वेण्या झाल्या होत्या, टोकांना नवी लोकर बांधली होती. आईनं वाळवलेल्या चीजची थैली तिच्या पाठीला बांधली, गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली. ती गाडीवर बसली आणि गाडी सुटली. बाई थांबल्या नाहीत, लगेच वासरं बांधायला गेल्या.

टॅम्पिनीसला परतल्यावर मला वाटलं, सुटले. पण सर ते सर. गटातल्या जखमी माणसाला डॉक्टरनं तपासल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पॉलिक्लिनिकची वेळ त्यांनीच घेतली, वर स्वतः ड्रॅगनफ्रूटची पिशवी घेऊन हजर. त्यामुळे मला पायाला क्रेप बँडेज गुंडाळून, नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेत, आमच्याच ब्लॉकखालून लंगडत जावं लागलं. जिन्यातल्या त्या आंटीनं पाहिलंच. नवऱ्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं, त्याच्या पोटात काही राहत नाही, त्यानं ते ग्रुपवर टाकलं असतं. तो बिचारा वाटभर ‘माझंच चुकलं’ म्हणत होता. मी त्याला म्हणू दिलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय इकडून तिकडून वळवून पाहिला. “हील्ड व्हेरी वेल,” त्या म्हणाल्या आणि चोळायला एक मलम लिहून दिलं. नवरा मलमाच्या रांगेत गेला. सर समोरच्या बाकावर, मांडीवर फळांची पिशवी घेऊन, माझ्याकडे काळजीनं बघत बसले. लेकीनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि सुटलेलं बँडेज पुन्हा बांधायला लागली.

“आई,” ती मराठीत म्हणाली, “मी इंग्लंडला गेले ना, की तू अधूनमधून असा पाय मुरगळून घेत जा.”

“कशाला?”

“मला यायला काहीतरी रीझन लागेल ना. उगाच कोण सोडणार?”

मला उत्तर द्यायचं होतं. वेडी आहेस का, तुला यायला कशाला कारण लागतं, असं काहीतरी. पण डोळेच भरून आले. समोर सर अर्धवट उठून उभे राहिले.

“रड, रड,” ती मान खाली घालून पट्टी गुंडाळत म्हणाली, “सर बघतायत.”